कडूबामामा आणि मुंबईचं स्थळ

कडूबामामा खरात पहिल्यांदा धर्मराज साळवेच्या खोलीवर आले, तेव्हा जालन्यात भूकंप तेवढा व्हायचा राहिला. बाकी सगळं झालं. घरमालकाचा कुत्रा पोस्टमनलाही सोडत नसे, तो मामांना पाहून जिन्याखाली जाऊन बसला. दाराची कडी धर्मराज कित्येक महिने दुरुस्त करणार होता, ती मामांच्या पहिल्याच थापेला निखळून त्यांच्या हातात आली. ती कडी हातात घेऊनच मामा आत शिरले, खोलीवर एक नजर फिरवली आणि म्हणाले, "जयभीम. कडी कमजोर हाय. आता माणूस कसा हाय ते पाहू."

ही १९७१ सालची गोष्ट. धर्मराज नुकताच जालन्याच्या एका शाळेत वाणिज्याचा शिक्षक म्हणून लागला होता, अविवाहित होता, आणि त्या क्षणी आंघोळीला निघाल्यामुळे फक्त टॉवेलवर होता. तशाच अवस्थेत मामांनी त्याला खिडकीशी उजेडात उभा केला. पुढून पाहिला, मागून पाहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं लांबून वाचायला लावली. माठात नाक घालून पाण्याचा वास घेतला, गादी उचलून खाली पाहिलं, दोरीवरचे शर्ट मोजले आणि एकाची कॉलर उलटी करून उदास झाले.

"रागवता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग वर्गात पोरं गप कशी बसत्यात?"

"तिथं रागावतो."

"मंग आत्ता खोटं कामून बोलले?"

धर्मराजला आयुष्यात कोणत्याही परीक्षेत इतका घाम फुटला नव्हता. मामा तिथून खाली हॉटेलात गेले, हॉटेलातून न्हाव्याकडे, न्हाव्याकडून शाळेच्या शिपायाकडे. संध्याकाळपर्यंत धर्मराजबद्दल सगळ्या गल्लीला इतकी माहिती झाली होती, की तो घोरतो ही गोष्ट खुद्द त्यालाच तेव्हा पहिल्यांदा कळली. शेवटी मामांनी त्याचा दंड दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबला. आता हे आपल्याला दाताखाली धरून पाहतात की काय, असं धर्मराजला वाटलं. पण मामांनी चिमूट सोडली आणि निकाल दिला, "उगवंल."

त्या एका शब्दावर मामांची भाची प्रभावती धर्मराजच्या घरात आली, आणि घर खरंच उगवलं. तेव्हापासून धर्मराज त्यांना मामा म्हणू लागला आणि मामा त्याला जावईबापू.

मामा मोंढ्यामागच्या एका बियाण्याच्या गोदामावर मुकादम होते. ज्वारीचं पोतं आलं की मूठभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गोणपाट गुंडाळून ठेवायचं आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते पाहायचं, हे त्यांचं काम. पण त्याआधी निवडणी. बायका सुपात बी घेऊन बसायच्या आणि मामा त्यांच्यामागून फिरत राहायचे. भोक पडलेला दाणा दिसला की तो उचलून असा फेकायचे, की जणू तो विंचू आहे. "किडका दाणा पोत्यात राह्यला की पोतं गेलं," हे त्यांचं वाक्य बायकांना इतकं पाठ झालं होतं, की मामांनी तोंड उघडलं की त्याच ते पुरं करत.

हीच रीत त्यांनी सोयरिकीला लावली होती. पार अंबड-भोकरदनकडून लोक "मामा, जरा पोरगा पाहून द्या" म्हणून यायचे. मामांना गरिबी चालायची. सावळा रंग चालायचा. एकदा तर त्यांनी एका तोतऱ्या मुलाची शिफारस केली, कारण "भांडायला टाईम लागंल, तवर बायको शांत होईल." त्यांच्या लेखी घराला भोक एकच. कोर्ट. ज्या घरावर खटला आहे, मग तो कुणी कुणावर का घातलेला असेना, त्या घराच्या उंबऱ्यावर मामा पाणीसुद्धा पीत नसत.

मामांची एकुलती एक मुलगी कौसल्या. मॅट्रिक झालेली, चुणचुणीत, आणि हसणं असं की गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसानं काय विनोद झाला म्हणून विचारावं. तिच्या लग्नासाठी मामांनी पै पै बाजूला टाकली होती. तो पैसा नीट वाढावा आणि पोर चांगल्या घरी पडावी, याशिवाय मामांना जगाकडून काही नको होतं.

इथे धर्मराजचं वाणिज्य मध्ये आलं. धर्मराज वर्गात शेअर बाजार असा काही शिकवायचा, की मुलांना वाटावं सर सुट्टीत मुंबईचा बाजार स्वतः उघडून देतात. प्रत्यक्षात त्याच्याकडे एकही शेअर नव्हता. चौऱ्याहत्तर साली एका मोठ्या कंपनीनं लोकांना शेअर देऊ केले. ही कंपनी हिशेबाची यंत्रं, म्हणजे संगणक, मोठमोठ्या कचेऱ्यांना भाड्यानं द्यायची. त्या धंद्यात तिच्यासमोर उभं राहील असं दुसरं कुणी नव्हतंच. धर्मराजनं मामांना सुचवलं, कौसल्याचा पैसा इथे ठेवा.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "स्थळ कुठलं?"

"मुंबईचं."

"घरात कोण कोण?"

धर्मराजनं संचालक मंडळाची नावं वाचून दाखवली. मामांनी प्रत्येकाचं वय विचारलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून ते औरंगाबादला गेले. तिथे एका कचेरीत त्या कंपनीचं यंत्र होतं. पहारेकऱ्याला गूळशेंगदाणे खायला घालून त्यांनी काचेतून ते पाहिलं. परत आले ते भारावून.

"जावईबापू, कचेरीतल्या साहेबाच्या डोक्यावर साधा पंखा, अन् त्या मशीनबाईच्या खोलीत गार हवा सोडून राह्यले! आत जाताना लोक चपला काढत्यात. खात्यापित्या घरची हाय. उगवंल."

शेअर आले. मामांनी ते सर्टिफिकेट कौसल्याच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवलं आणि त्या दिवसापासून कंपनीचं नाव कधी घेतलं नाही. मुंबईचं स्थळ, एवढंच म्हणायचे. दर रविवारी येऊन विचारायचे, "मुंबईचं स्थळ कसं हाय?" आणि धर्मराज पेपरातला भाव पाहून सांगायचा, "मजेत आहे."

पुढच्या वर्षी खरंखुरं स्थळ आलं. धावड्याचा भुजंग दाभाडे, वीज मंडळात लाईनमन. पाहण्याच्या दिवशी धर्मराज आणि प्रभावतीही हजर होते. मामांनी मुलाला उजेडात बसवला.

"खांबावर चढताना भ्या वाटतं का?"

"वाटतं ना," भुजंग म्हणाला.

"मंग चढता कामून?"

"खाली उतरल्यावर लई बरं वाटतं, मामा."

आत चहा गाळणारी कौसल्या एवढ्यानं हसली, की मामी कांताबाईंनी तिच्या तोंडावर पदर धरला. पण उशीर झाला होता. ते हसणं बाहेर आलंच, आणि ते ऐकून भुजंगही कपबशी हातात घेऊन हसत सुटला. बशीत चहा सांडला. मामांनी त्याचा दंड चिमटीत धरला आणि म्हणाले, "उगवंल." कौसल्या त्यानंतर आठवडाभर काही कारण नसताना विजेच्या खांबांकडे पाहून हसत होती.

मग मामा शेवटची खातरजमा करायला धावड्याला गेले, आणि तिथे त्यांना भोक दिसलं.

भुजंगचे वडील तातेराव आणि चुलते सर्जेराव यांच्यात एका चिंचेच्या झाडावरून भोकरदनच्या कोर्टात खटला चालू होता. झाड बरोबर दोघांच्या हद्दीवर. मामांनी एवढंच ऐकलं आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून परतीची एसटी धरली. हे दोघे भाऊ तारखेला एकाच एसटीतून जातात, कोर्टासमोर एकाच फडक्यातली भाकरी खातात, आत जाऊन एकमेकांना लबाड म्हणतात आणि संध्याकाळी बोलत बोलत परत येतात, हे सांगायला गावात कुणीही तयार होतं. पण मामा थांबलेच नाहीत.

दैव असं, की त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. मुंबईच्या स्थळावरही खटला झाला होता. तोही दिल्लीत.

मामा धर्मराजकडे आले ते चप्पल न काढताच आत आले.

"मुंबईच्या स्थळानं काय केलं?"

"मामा, बसा. मक्तेदारी आयोगापुढे चौकशी लागलीय. म्हणजे एकट्यानंच बाजार दाबून बसलात, असं सरकारचं म्हणणं."

"कसा दाबला?"

"यंत्र ते भाड्यानं देतात. पण नुसतं यंत्र काही करत नाही. पगार कसा काढायचा, बिलं कशी करायची, हे त्याला सांगणारी आज्ञांची गड्डी लागते. तिला प्रोग्राम म्हणतात. कंपनी म्हणते, यंत्र आमचं तर प्रोग्रामही आमचाच घ्या. दुसऱ्याचा चालणार नाही."

मामांनी विचार केला. "म्हंजे पोरगी देऊन राह्यले, पण तिच्यासंगं रांधणारी बाईबी त्यांचीच. अन् तिचा पगार सासऱ्यानं द्यायचा."

"बरोबर!" धर्मराज उठून उभाच राहिला. इतकं सोपं त्याच्या क्रमिक पुस्तकात कुठंच नव्हतं.

"अन् हा प्रोग्राम असतो कशावर?"

"कार्डांवर. जाड कागदाची कार्डं असतात, त्यांना भोकं पाडलेली असतात."

मामा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "भोकं?"

"हो, त्या भोकांवरूनच यंत्राला कळतं की..."

"जावईबापू! भोकं पडलेला माल तुम्ही माझ्या पोरीच्या साडीत ठिवला?"

आत भाकरी थापणारी प्रभावती हसायला लागली. धर्मराज मात्र आता वर्गातल्यासारखा पेटला होता. "मामा, नीट ऐका. भाव पडलाय, पण तो भीतीनं पडलाय, कमाईनं नाही. खटला कंपनीवर आहे, भाडं काही थांबलेलं नाही. ज्या कचेऱ्यांचा सगळा हिशेब त्या यंत्रावर चढलाय, त्या उद्या दुसरीकडे जाणार कशा? सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आयोग फार तर म्हणेल, प्रोग्राम वेगळा विका. त्यालाही वर्षं जातील. तोवर लोकांची भीती मरते आणि भाव वर येतो. परंतु..."

वाणिज्याच्या शिक्षकाला 'परंतु' म्हटल्याशिवाय थांबता येत नाही, हा त्या विषयाचाच दोष आहे.

"परंतु काय?"

"परंतु आयोगानं दर कमी करायला लावले, किंवा कंपनीच तोडायला लावली, तर भाव आणखी पडूही शकतो. नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"बस," मामा म्हणाले. "इका."

"आणि भुजंग?" प्रभावती पीठाच्या हातांनी बाहेर आली. "मामा, एका चिंचेपायी?"

"चिंच असो का सोनं. भोक ते भोक."

"अहो, पोरगी हसून राह्यली होती त्या दिवशी!"

"हसण्यावर संसार व्हत असते, तर सर्कशीतल्या जोकरला लई बायका असत्या," मामा म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी प्रभावतीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मराज त्यांची समजूत काढायला त्यांच्या घरी गेला. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा गोदामातून नापास झालेलं बी कोंबड्यांसाठी घरी आणायचे, आणि कोंबड्यांच्या तावडीतून सुटलेले दाणे पावसात जिथे पडले तिथे उगवले होते. कंबरेएवढी ज्वारी उभी होती. तिच्यात उभ्या राहून मामी कडाडत होत्या.

"हे पाहा जावईबापू, तुमच्या मामांची नापास ज्वारी! हिला भोकं व्हती म्हणं!"

"तू गप बैस," मामा ओट्यावरून म्हणाले.

"कामून गप बसू? माझा बाप गप बसला व्हता. तुमच्या बापावर गायरानाचा खटला व्हता, तवा पार सिल्लोडपस्तोर कुणी तुम्हाला पोरगी देत नव्हतं. माझ्या बापानं दिली. तुमचा नेम माझ्या बापानं पाळला असता, तर आज ह्या ओट्यावर एकलेच बसले असते दाणे निवडीत!"

धर्मराजला ही गोष्ट नवीन होती. त्यानं मामांकडे पाहिलं. मामा ज्वारीकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणूनच न्हाई म्हणतो, कांता. बाप कोर्टात मेला माझा. तुझ्या बापानं दिली, पण त्यापायी तुला काय मिळालं? तारखेच्या दिवशी रिकामी चूल. माझ्या पोरीला ते नको."

दाराआड कौसल्या उभी होती. तिनं ऐकलं असणार, कारण ती चहा विचारायला बाहेर आली नाही.

अशा रीतीनं एका आठवड्यात दोन सोयरिकी मोडल्या. शेअर औरंगाबादच्या दलालामार्फत पडत्या भावात विकले गेले. धावड्याला निरोप गेला. भुजंग एकदा मोंढ्याजवळच्या खांबावर काम काढून चढला आणि कामापेक्षा बराच जास्त वेळ वर राहिला, असं गोदामातल्या बायका सांगत. पण मामांनी त्या दिवशी कौसल्याला प्रभावतीकडे पाठवलं होतं. पुढे शेजारीण एकदा मामींना विचारून गेली, "कौसल्या गावाला गेली का हो? आवाज न्हाई तिचा." कौसल्या घरातच होती.

तरी मामांचा रविवार चुकला नाही. शेअर विकले होते, पण दिलेली पोर काडीमोड करून आणावी आणि मग तिच्या सासरच्यांची खुशाली विचारत बसावं, तसं मामा येऊन विचारत, "मुंबईचं स्थळ कसं हाय?"

पहिल्या वर्षी धर्मराज म्हणे, "पडून आहे." मामा समाधानानं चहा पीत. मग तो म्हणू लागला, "जरा सावरलंय." मामा चहा अर्धा ठेवू लागले. सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला एके रविवारी धर्मराजनं पेपर पाहिला, पुन्हा पाहिला, आणि नाइलाजानं सांगितलं, "मामा, आपण घेतलं होतं त्याच्याही फार वर गेलंय."

"खटला मिटला व्हय?"

"नाही. चालूच आहे."

"हारले? जितले?"

"काहीच नाही. तारखा पडतात."

"मंग वर कसं गेलं?"

"भाडं येतच राहिलं, मामा. लोकांची भीती मेली. खटल्याची त्यांना सवय झाली. खटला चालू आहे आणि कंपनीही चालू आहे."

प्रभावतीनं पुन्हा गरम करून आणलेला चहाही गार झाला. शेवटी मामा म्हणाले, "खटला चालू, अन् घरबी चालू." आणि थोड्या वेळानं, "जावईबापू, उद्या रजा टाका. धावड्याला जाऊ."

पैसा गेल्याचं त्यांनी त्या दिवशी नावसुद्धा काढलं नाही.

मामांनी एक किलो पेढे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा ते उलटे निघाले होते, मुलीकडचे म्हणून मागायला. एसटीत सबंध वाटभर पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून ते भाषणाची तयारी करत होते. "काय म्हणू? चुकलं म्हणू का नजर चुकली म्हणू?"

"चुकलं म्हणा, मामा."

"नजर चुकली म्हणतो. चुकलं लई होतं."

भोकरदनच्या पुढे गेल्यावर त्यांनी ठरवलं की चुकलं असंच म्हणायचं.

तातेरावांच्या दारात मांडव होता. मांडवाचे दोन खांब उतरवलेले होते, बाकीचे उभे होते, आणि मधे पंगत बसली होती. लग्न आदल्या दिवशी झालं होतं, ही मागची पंगत होती. एका टोकाकडून तातेराव बुंदी वाढत येत होते, दुसऱ्या टोकाकडून सर्जेराव वरण. मधे दोघांची गाठ पडली.

"सरक की रे बाजूला," तातेराव म्हणाले.

"तू सरक. ही हद्द माझी हाय," सर्जेराव म्हणाले, आणि सगळी पंगत हसली.

मामा मांडवाच्या तोंडाशी उभे होते. सर्जेरावांची नजर त्यांच्यावर गेली. "अरे, जालन्याचे खरातमामा! तात्या, बघ, मामा आले. राग सोडून आले!" त्यांनी मामांच्या हातातला पुडा घेतला, दोरा सोडला, आणि "मामांनी पेढे आणले, घ्या, घ्या" म्हणत पंगतीत वाटायला सुरुवातही केली. धर्मराजनं तोंड उघडलं, पण मामांनी त्याचा दंड चिमटीत धरला. घट्ट धरला.

भुजंग आतून आला. हळदीचे हात तसेच होते. तो मामांच्या पाया पडला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी म्हणायचंच होतं, म्हणून म्हणाले, "अजून भ्या वाटतं का खांबावर?"

"न्हाई आता," भुजंग म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "घरी बरे हायेत ना सगळे?"

"बरे हायेत."

त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोन्ही भावांनी आळीपाळीनं आग्रह केला आणि मामांनी खटल्याच्या घरचं अन्न पोटभर खाल्लं. पाणीही प्यायले. जेवणानंतर तातेरावांनी त्यांना चिंचेखाली बाज टाकून दिली. फक्कड सावली होती. मामा तिथे पडून वर पाहत राहिले आणि एकदाच म्हणाले, "चांगलं झाड हाय."

परतीच्या एसटीत त्यांचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

पुढच्या वर्षी कौसल्याचं लग्न अंबडकडच्या एका घरात झालं. त्या घरावर एकही खटला नव्हता. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती कायमची माहेरी परत आली, आणि गोदामात बी निवडायला लागली.